सत्तावीस भांडी

आमच्या घरात माणसं तीन आणि ताटं चार. चौथं ताट पाहुण्याचं. एकाच वेळी दोन पाहुणे आले की आई म्हणायची, “तुमी घ्या जेवून, मी मागनं बसतो.” आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. शाळेत व्याकरणाच्या तासाला ‘ती म्हणाली, मी जाते’ असं वाचताना मला नेहमी वाटायचं, ह्या पुस्तकातल्या बायका कुठल्या गावच्या असतील? तर आई मागनं बसायची, आणि पाहुणे उठून गेल्यावर त्यातलंच एक ताट घासून त्यात भाकरी, खर्डा आणि उरलेली आमटी घेऊन जेवायची. पाचवं ताट घ्यावं असं तिनं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सुभाषनगरातल्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या त्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते. पहाटे आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, मग तांब्याभर अंबील उभ्यानंच पिऊन सायकलवर टांग टाकायची. त्याआधी घरात दोनच आवाज असायचे. परातीवर भाकरी थापण्याचा आणि कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर म्हशीच्या धारा काढतात त्याचा. मी किटली घेऊन जायची, दूधवाला समोर धार काढून फेसासकट ओतायचा. ती किटली घरात आल्यावर धुऊन पुन्हा तिच्या खिळ्याला. प्रत्येक वस्तूला खिळा आणि प्रत्येक खिळ्याला वस्तू, हा कारखान्यातला नियम अण्णांनी घरी आणला होता. “वस्तू हाताला लागावी, पायाला न्हाय,” असं ते म्हणत. आमच्या घरात खरोखरच पायाला काही लागत नसे. शेजारच्या पोरी खेळायला यायच्या त्या त्यामुळंच. आमच्या घरात फुगडी घालता यायची.

कपड्यांचंही तसंच. अण्णांचे दोन खाकी शर्ट कामाचे, दोन पांढरे बाहेरचे. आईची लुगडी चार आणि लग्नातली एक इरकल. दिवाळीला नवं आलं की जुन्यातलं एक घराबाहेर जायचं. पण जाण्याआधी अण्णा ते स्वतः धुवायचे, तुटलेली बटणं लावायचे, इस्त्रीवाल्याकडून घडी घालून आणायचे. “द्यायचं तर घालण्याजोगं द्यावं. न्हाईतर ते दान नव्हं, उकिरडा झाला.” मी सहावीत असताना मला भेटकार्डं जमवायचा नाद लागला. चकचकीत, सोनेरी कडांची, फुलाफुलांची. बुटाच्या खोक्यात शंभरावर झाली होती. एका रविवारी अण्णांनी खोकं समोर ठेवलं, झाकण लावूनच, आणि म्हणाले, “न बघता सांग, ह्यात काय काय हाय?” मला अकरा आठवली. “मग ती अकरा तुझी. बाकीची खोक्याची,” असं म्हणून त्यांनी मला बाकीची वर्गात वाटायला लावली. मी दोन दिवस रडले. मग हळूहळू त्याचा अभिमानही वाटायला लागला, आणि ज्यांना पसारा आवरता येत नाही अशा मैत्रिणींना मी शहाणपणा शिकवू लागले. छंद अंगात असावा, कपाटात नसावा, हे अण्णांचं वाक्य मी निबंधातही घातलं होतं.

हल्ली माझी मुलगी मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघून मला सांगते की आई, वर्षभरात हातात घेतली नाही ती वस्तू टाकून द्यायची, त्यानं मन हलकं होतं. परदेशातल्या बायका हे शिकवतात म्हणे, आणि त्याचे वर्गही असतात. मी मान डोलावते. पन्नाशीला आले तरी माझ्या कपाटात आजही साड्या मोजक्याच आहेत. मी अण्णांचीच मुलगी. पण ती असं काही सांगायला लागली की मला आईचे हात आठवतात, कोपरापर्यंत चिंचेच्या कोळानं काळे झालेले, आणि मग मी तिला विचारते, “टाकायचं ते ठीक आहे. पण कुणाचं?”

आई मुरगूडची. तिच्या वडिलांचं, आम्ही त्यांना अज्जा म्हणायचो, बाजारात भांड्यांचं दुकान होतं. आई त्या दुकानातच वाढलेली. हंड्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि सांगायची, हे पितळ जाड आहे, ह्याला भोक बुजवायला झाळ लावलेली आहे, ह्याच्या बुडाला चीर जाणार आहे. लग्नात अज्जांनी लेकीला टेम्पो भरून भांडी दिली होती. अण्णांनी भर मांडवात हात जोडले. “मामा, मुलगी दिलीसा तेवढं पुरे,” म्हणाले, आणि टेम्पो तसाच माघारी मुरगूडला गेला. ही गोष्ट आमच्या पाहुण्यांत इतक्यांदा सांगितली गेली होती की मला ती पाठ होती. सांगणारा शेवटी म्हणायचा, असा जावई मिळायला नशीब लागतं. ऐकताना आई पदर सावरून हसायची.

आमच्या घरापासून चार दारं सोडून शांताकाकूंचं घर होतं. काकू एकट्या. मुलगा पुण्याला नोकरीला. आवाज असा की गल्लीच्या ह्या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. आई आठ-पंधरा दिवसांतून एखादी दुपार त्यांच्याकडं काढायची. नववीत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, अवेळी नळाला पाणी आलं म्हणून मी आईला बोलवायला गेले. पुढच्या खोलीत काकू घोरत होत्या. मागच्या खोलीतून घासण्याचा आवाज येत होता. मी दार लोटलं.

आई जमिनीवर बसली होती, आणि तिच्याभोवती भांडी होती. हंडा, घागर, दोन कळश्या, घंगाळ, परात, पाणी तापवायचा लहान बंब, डबे, वाट्या, समया, अडकित्तासुद्धा. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि सगळी खोली पिवळी झाली होती. आईनं वर बघितलं. तिचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला. मग ती हळूच म्हणाली, “दार लाव.”

त्या दुपारी नळाचं पाणी भरायचं राहूनच गेलं. आई सांगत बसली. अज्जा माल आणायला कोल्हापूरला यायचे तेव्हा दर खेपेला लेकीसाठी काहीतरी आणायचे. एकदा नाकारलेलं पुन्हा जावयाच्या दारात कसं न्यायचं, म्हणून काकूंकडं ठेवून, आमच्याकडं फक्त चहा पिऊन परत जायचे. पंधरा-सोळा वर्षांत सत्तावीस भांडी झाली होती. आईला प्रत्येकाची वेळ ठाऊक होती. ही कळशी तू झालीस तवा. हा डबा माझी आई गेली त्या वर्षीचा. ही परात, अण्णांचा हात मशीनमध्ये आलता तवा अज्जा भेटायला आलते, तवाची.

मी विचारलं, “अण्णांना का नाही सांगत?”

“त्यांचं पण खरं हाय ग,” आई म्हणाली. आणि मग मला जे कधीच कुणी सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. अण्णा कोडोलीचे. त्यांचे वडील गेले आणि महिना व्हायच्या आत तिघा भावांची वाटणी झाली. शेत वाटलं, घर वाटलं, आणि शेवटी एका तांब्याच्या हंड्यावर गाडी अडली. हंडा एक, भाऊ तीन. शब्दानं शब्द वाढला, मधल्या भावानं थोरल्यावर हात उचलला, आणि अण्णा, धाकटे, अंगावरच्या कपड्यानिशी एसटीत बसून कोल्हापूरला आले. पुन्हा त्या घरात त्यांनी पाय ठेवला नाही. “वस्तू घरात आली की माणूस बाहीर जातो, असं बसलंय त्यांच्या मनात. कसं काढू? म्हणून मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. त्यांचं घर त्यांच्यासारखं, माझी खोली माझ्यासारखी.”

ती सुट्टी माझ्या लहानपणातली सर्वांत सुखाची. दुपारी अण्णा कामावर, आणि आम्ही दोघी काकूंच्या मागच्या खोलीत. चिंच, मीठ, बारीक राख. आई गुणगुणायची, कधी कन्नडमधलं काहीतरी, जे ती घरात कधी म्हणत नसे. काकू मधेच उठून यायच्या, शेंगा भाजून आणायच्या आणि म्हणायच्या, “दुसऱ्याच्या बायका दागिनं लपीवत्यात, ही बया भांडी लपीवती!” घरी परतताना आम्ही हात लिंबानं चोळायचो. अण्णांना चिंचेचा वास कळू नये म्हणून.

पावसाळा सरला आणि काकूंचा मुलगा आला. घर विकायचं ठरलं होतं. काकूंना तो पुण्याला नेणार होता. महिन्याभरात खोल्या मोकळ्या करून द्यायच्या. काकू आमच्या घरी आल्या, अण्णा कामावर गेल्याचं बघून, आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाल्या, “तुझ्या सामानाचं काय करायचं? पुण्याला न्हेऊ व्हय?”

“नगं काकू. तितं तुमालाच जागा न्हाई.”

“मग त्याला सांग की सरळ. खातोय व्हय तुला?”

“खात न्हाईत. तेच की,” आई म्हणाली. “खाल्लं असतं तर भांडलो असतो.”

त्या आठवड्यात आई नेहमीसारखीच होती. भाकऱ्या तशाच, आमटी तशीच. शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आले तर दाराला कडी. काकू ओट्यावर बसल्या होत्या, गाठोडी बांधत. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “हातगाडी केलीया तिनं. महाद्वार रोडला भांडी मोडीत घालाय गेलीया. मी लई सांगितलं बघ.”

अण्णांना सांगणार नाही असं मी आईला वचन दिलं होतं. उन्हाळ्यात, त्या पिवळ्या खोलीत, तिच्या हातावर हात ठेवून. ते मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडं जाईपर्यंत पाळलं. तिथं तासावर सायकल घेतली आणि उद्यमनगराकडं मारली. कारखान्यात मी पूर्वी कधी गेले नव्हते. आत तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. अण्णा लेथवर वाकलेले. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, आईला काही झालं.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. काकूंची खोली, अज्जा, सत्तावीस भांडी, हातगाडी. अण्णा चिंध्याच्या बोळ्यानं हात पुसत ऐकत राहिले. हात पुसून झाले तरी पुसतच राहिले. मग फक्त विचारलं, “कुठल्या दुकानात?” मी महाद्वार रोडचं सांगितलं.

सायकल त्यांनी चालवली, मी मागं बसले. आम्ही महाद्वार रोडच्या गर्दीत शिरलो. तिथं एका वळणावर, मागं न बघता, ते म्हणाले, “पंधरा वर्सं?”

“सोळा,” मी म्हटलं.

दुकानासमोर हातगाडी उभी होती. आई पायरीवर उभी, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि भांडी एकेक करून आत दिली जात होती. दुकानदाराचा दोष काही नव्हता. मोड म्हणून आलेलं भांडं आधी चेपायचं, ही त्या धंद्याची रीतच. आम्ही सायकलवरून उतरत होतो तेवढ्यात हातोडा पडला. माझ्या जन्माची कळशी होती ती. एका घावात तिचं तोंड मिटलं.

“थांबा पावणं,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण दुकानदाराचा हात वरच राहिला. “इकायची न्हाईत ही.”

आईनं आधी माझ्याकडं बघितलं. “तू सांगितलंस व्हय?” मी मान डोलावली. मग तिनं अण्णांकडं बघितलं. मला वाटलं ती आता रडेल किंवा माफी मागेल. तिनं दोन्ही केलं नाही.

“मला बोलली का न्हाईस?” अण्णा म्हणाले. “इतकी वर्सं?”

“तुमी इचारलंसा कवा?”

“मी... आपल्या दोघांच्या भल्यासाठीच की. तुझ्या बाला भुर्दंड नको म्हणून.”

“व्हय. मांडवात सगळी तुमचं कौतुक करत हुती. मी पण करत हुतो,” आई म्हणाली. ती हळू बोलत होती, जणू घरात भाजी निवडताना बोलतेय. “पर ती भांडी माझ्या बानं मला दिलती. तुमास्नी न्हाई. तुमी माझं परत केलंसा, आणि मोठेपणा तुमास्नी मिळाला.”

रस्त्यावर माणसं येत-जात होती. हातगाडीवाला बिडी विझवून दुसरीकडं बघू लागला.  अण्णांनी आत जाऊन दुकानदारापुढं हात जोडले, आणि स्वतः एकेक भांडं उचलून परत गाडीवर ठेवू लागले. चेपलेली कळशी त्यांनी सगळ्यांत शेवटी उचलली, ती उलटीसुलटी करून बघितली आणि गाडीवर न ठेवता हातातच धरली. घरापर्यंत आम्ही हातगाडीच्या मागून चालत आलो. मी भाड्याची सायकल ढकलत, अण्णा कळशी घेऊन, आई पुढं. त्या दिवशी ती अण्णांच्या पुढं चालत होती.

मग आमच्या दोन खोल्यांत सत्तावीस भांडी आली आणि पाय ठेवायला जागा उरली नाही. अण्णा म्हणाले, “ह्यातलं काय ठेवायचं, काय न्हाई, ते तू ठरीव. मी इचारणार न्हाई.” आईनं घाई केली नाही. पंधरा-वीस दिवस आम्ही घंगाळाला वळसा घालून निजायला जायचो. बंबाला अण्णांची करंगळी दोनदा ठेचली, आणि दोन्ही वेळा ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून गप्प बसले. फुगडीला येणाऱ्या पोरी दारातून बघून परत गेल्या. आई दुपारी सगळं मांडायची, पुसायची, पुन्हा लावायची. तिला एवढं खुशीत मी पुन्हा क्वचितच पाहिलं.

आणि मग, कुणी काही न सांगता, ती एकेक भांडं देऊ लागली. पहिली समई शांताकाकूंना, पुण्याला नेण्यासाठी. काकूंनी पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी म्हटलं आणि डोळे पुसले. परात गल्लीतल्या एका नव्या सुनेला. डबे मामेबहिणीला. देताना ती त्या भांड्याची सगळी कथा सांगायची, आणि घेणाऱ्यालाही ते ऐकायला बसावंच लागायचं. अण्णा ओट्यावर बसून हे बघायचे. एकदा हंडा जायला निघाला तेव्हा, खरं तर ते खूश व्हायला हवे होते, पण ते उठून म्हणाले, “ह्यो ऱ्हाऊ दे की. चांगला हाय.” आई हसली. हंडा राहिला. शेवटी नऊ भांडी घरात उरली, आणि ती नऊ रोजच्या वापरात आली. त्यांत एक ताट होतं, घरातलं पाचवं. आता दोन पाहुणे आले तरी आई आमच्या पंगतीला बसू लागली.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांनी पांढरा शर्ट घातला आणि आम्हाला मुरगूडच्या गाडीत बसवलं. का, ते सांगितलं नाही. मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात चेपलेली कळशी. लग्नानंतर सासऱ्याच्या दुकानाची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते. अज्जा गडबडून उठले, गादी झटकली, चहा सांगायला पोऱ्याला पिटाळलं. अण्णा बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून कळशी काढून गादीवर ठेवली.

“मामा, ही माझ्यामुळं मोडली. हिच्या बदली एक पायजे. तुमच्या लेकीच्या पसंतीची.”

अज्जांनी कळशी हातात घेतली. ओळखली त्यांनी. किती तरी वेळ ते तिच्या मिटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिले. मग लेकीकडं बघून म्हणाले, “बघ बाई. दुकान तुझंच हाय.”

आई उठली. तिनं दुकानभर फिरून बघितलं, वरची खाली काढायला लावली, खालची वर ठेवायला लावली. कोपऱ्यातलं धूळ खात पडलेलंही सोडलं नाही. अर्धा तास गेला असेल.  आणि शेवटी ती पदराला हात पुसत म्हणाली, “काय नगं. घरात हाईत की.”

अज्जा आधी बघतच राहिले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. अण्णांचा चेहरा मात्र पडला. एवढ्या लांब, एवढ्या तयारीनं आलेला माणूस. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि जवळच्या फळीवरची एक लहानशी कळशी उचलली. “मग मला द्या ही. मला पायजे.”

अण्णांच्या तोंडून ‘मला पायजे’ हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते. अज्जांनी कळशी घेतली, फडक्यानं पुसली, गुडघ्यात धरली, आणि लहान छिन्नी-हातोडी काढली. कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, “नाव काय घालू?”

आमच्याकडं नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. ‘अगं’, ‘सुमीची आई’, ‘ऐकलंस का’, एवढ्यावर माणसांचे संसार होत.  अण्णांनी घसा खाकरला.

“गिरिजा,” ते म्हणाले. “आडनाव नगं. माझं पण नगं. नुसतं गिरिजा घाला.”

छिन्नीचा पहिला ठोका पडला. आई वळली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन पाठमोरी उभी राहिली. गाडी आली का ते बघत होती ती. कोल्हापूरची गाडी यायला अजून तासभर होता.